सुरिनामच्या नाण्यातला विडा

आमच्या कारखान्यात मूर्तीचा भाव कागदावर ठरत नसे, पाटावर ठरत असे. गिऱ्हाईक आलं की आमचे मालक, अण्णा, समोर पाट मांडायचे. गिऱ्हाईक त्यावर पान-सुपारी आणि सव्वा रुपया ठेवायचं आणि मग अण्णा भाव बोलायचे. एकदा बोलले की शाडू महागला, रंग महागला, मजुरी वाढली, तरी त्या मोसमात तो आकडा हलत नसे. याला आम्ही विडा घेणं म्हणायचो. पेणमधल्या बाकीच्या कारखान्यांत छापील दरपत्रकं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि खाली किंमत असं सुरू झालं. आमच्याकडे विडा टिकला, कारण अण्णा टिकले.

मी तिथे एकोणतीस वर्षं कागदपत्रांचं काम केलं. मी मूळची रोह्याची. बी.कॉम.ला बरे मार्क पडल्यावर मी बँकेत लागेन असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं, आणि मी लागले गणपतीच्या कारखान्यात. सकाळच्या गाडीने पेणला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. रंगाचा वास साडीला इतका बसायचा की गाडीतल्या बायका डोळे मिटून सांगायच्या, मीनाताई आल्या. लोक मला विचारायचे, गणपतीच्या कारखान्यात कारकुनाचं काय काम? मूर्ती करणारे करतात, रंगवणारे रंगवतात, मग तुम्ही काय करता? मी म्हणायचे, बाप्पाला पासपोर्ट काढून देते.

ते अगदीच खोटं नव्हतं. देशातला माल टेम्पोत बसला की गेला. परदेशातल्या मालाला मूर्तीइतकंच वजन कागदाचं असतं. भाद्रपदात जी मूर्ती तिकडे बसायची, ती इथून वैशाखातच निघावी लागते, कारण जहाज एका बंदरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असं रेंगाळत जातं. खोक्याच्या लाकडाला कीड नाही याचा शिक्का लागतो. आतमध्ये काय भरलंय तेही लिहून द्यावं लागतं. हे शहाणपण आम्हाला आधी नव्हतं. पहिला परदेशी माल आम्ही भाताच्या पेंढ्यात भरला. त्यात आमचं काय चुकलं? पेण तालुक्यात मूर्ती पेंढ्यातच भरतात. शेजारच्या गडब गावच्या शेतकऱ्याकडून गाडीभर पेंढा घ्यायचा, त्याच्याइतकी मऊ गादी कुठे मिळते? तिकडच्या बंदरात साहेबाने खोकं उघडलं तर पेंढ्यात चार दाणे भात आणि एक जिवंत किडा. सगळा पेंढा जाळला, गिऱ्हाइकाकडून दंड घेतला आणि मूर्ती नुसत्याच पुढे पाठवल्या. निम्म्यांचे हात गेले. अण्णांना कळेना, गवताला कसला परवाना? पुढे आम्ही रद्दीतल्या शाळेच्या वह्यांच्या पट्ट्या भरायला लागलो. एका बाईंनी लंडनहून पत्र पाठवलं, पट्टीवर काहीतरी मंत्र लिहिलाय, त्याचा अर्थ कळवा. मी पाहिलं तर कुणीतरी पाढे लिहिले होते.

असे किस्से सांगायला बसले तर अंक भरेल. पण संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मनात दुसरंच काही आलं, आणि ते हसण्यासारखं नाही. ते सुरिनामच्या रामदीनजींबद्दल आहे.

सुरिनाम हा देश दक्षिण अमेरिकेत आहे हे मला नकाशात बघावं लागलं होतं. ब्राझीलच्या डोक्यावर, समुद्राकाठी, छोटासा. दीडशे वर्षांपूर्वी डच लोकांनी उसाच्या मळ्यांवर राबायला बिहार आणि उत्तर प्रदेशातून माणसं नेली. त्यांची नातवंडं-पतवंडं तिथेच राहिली, देव आणि भाषा सांभाळून. रामदीनजी त्यांतलेच. राजधानीच्या शहरात त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. आपलं मूळ गाव शोधायला ते भारतात आले होते. गाव काही सापडलं नाही. परतीच्या वाटेवर कुणीतरी पेणचं नाव सांगितलं म्हणून एका कार्तिकात आमच्या दारात उभे राहिले. साठीच्या पुढचे, उंच, हातात डोक्यावरची टोपी. त्यांची बोली भोजपुरीसारखी, मधेच एखादा डच शब्द. मला ती हळूहळू कळायला लागली. अण्णांना पहिल्यापासून कळत होती, म्हणजे त्यांना ती कळायची गरजच नव्हती.

अण्णांनी पाट मांडला. रामदीनजींना पद्धत सांगितली. त्यांनी खिसे चाचपले, रुपये होते पण ते काढले नाहीत. त्यांनी स्वतःच्या देशाची दोन नाणी काढली, एक शंभर सेंटचं आणि एक पंचवीस सेंटचं. शंभर आणि पंचवीस, म्हणजे सव्वाच झाला की, असं म्हणून पाटावर ठेवली. अण्णा एकदम खूश.

त्या नाण्यांची गोष्ट त्यांनी तिथेच, जमिनीवर बसून सांगितली. त्यांच्या देशात आधी गिल्डर चालायचा. सरकारने नोटा छापछापून तो इतका उतरवला की पावाला हजारांनी मोजावे लागत. नाण्यांना तर कुणी विचारेना. लोक ती डब्यात टाकायचे, पोरं खेळायची. मग सरकारने नवं चलन काढलं, सुरिनामी डॉलर, हजार गिल्डरला एक. नोटांची तीन शून्यं गेली. पण नवी नाणी पाडायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून जाहीर केलं की जुनी नाणी छापील किमतीला नव्या पैशात चालतील. म्हणजे नोट हजारपट लहान झाली आणि नाणं होतं तिथेच राहिलं. ज्याच्या घरी डबाभर चिल्लर पडली होती, तो रातोरात हजारपट झाला. रामदीनजींच्या आईने बिस्किटांच्या डब्यात अशी नाणी साठवली होती आणि ते तिची चेष्टा करायचे. त्या डब्यातून दुकानाचं फ्रीज आलं. तेव्हापासून मी नोटेवर नाही, नाण्यावर भरवसा ठेवतो, असं ते म्हणाले.

मग अण्णांनी भाव बोलला. फूटभर मूर्तीला साठ. मी विचारलं, साठ काय? अण्णा म्हणाले, "ज्याचं नाणं पाटावर, त्याचाच भाव. अमेरिकेचं नाणं ठेवलंय का त्यांनी?"

साठ सुरिनामी डॉलर. बी.कॉम. शिकलेल्या बाईने तिथे तोंड उघडायला हवं होतं. परदेशी माल अमेरिकी डॉलरात विकायचा असतो, कारण तोच आपली बँक घेते आणि तोच सहसा जागेवर राहतो. पण मी चौकशी केली तर सुरिनामचा पैसाही बरीच वर्षं जागेवर होता, सव्वातीनच्या आसपास एक अमेरिकी डॉलर. म्हणजे मूर्तीमागे अठरा डॉलर. भाव चांगला होता. मी ठरवून टाकलं की बिल माल निघताना त्या दिवशीच्या दराने अमेरिकी डॉलरात करायचं, पण मोजायचं मात्र त्यांच्या पैशात. अशी चूक दुसऱ्या कुठल्या निर्यातदाराने केली असेल असं मला वाटत नाही. त्यांना पाट आडवा येत नाही.

दोन-तीन मोसम उत्तम गेले. रामदीनजी पुन्हा आले नाहीत, पण दर कार्तिकात टपालाने लिफाफा यायचा, आत ती दोन नाणी. अण्णा ती पाटावर ठेवून मोठ्याने भाव बोलायचे आणि मी तो ईमेलने कळवायचे. तिकडे त्यांची मुलगी शांती ती ईमेल वाचून दाखवायची. रामदीनजींना चतुर्थीच्या मूर्ती थोड्या आणि दिवाळीसाठी लक्ष्मी-गणेशाच्या जोड्या जास्त लागायच्या. तिकडे बरेच लोक मूर्ती विसर्जन न करता वर्षभर घरात ठेवतात, म्हणून रंग पक्का हवा असायचा. डोळ्यांची आखणी मात्र जनीबाईंचीच हवी, असा त्यांचा हट्ट होता. जनीबाई गडबच्या. त्यांचा नवरा खाडीकाठच्या मिठागरात कामाला होता. डोळा आखणं हे आमच्या धंद्यातलं शेवटचं आणि सगळ्यांत मानाचं काम. हात थरथरला तर सगळी मूर्ती वाया. जनीबाई श्वास रोखून एका दमात डोळा काढायच्या आणि मग बाजूला बसून पान खायच्या.

त्यानंतरच्या एका कार्तिकात विडा आला, भाव बोलला गेला, काम सुरू झालं, आणि सुरिनामचा पैसा सुटला. त्या देशात बॉक्साइटच्या खाणी होत्या, त्या बंद पडल्या. सोन्याचा भाव उतरला. सरकारकडे परकी चलन उरलं नाही, आणि तिथे दुधाच्या भुकटीपासून छत्रीपर्यंत सगळं जहाजाने येतं. सव्वातीनचे चार झाले, चाराचे पाच. आमच्या मूर्ती रंगून तयार होईपर्यंत सहाच्या वर गेला. साठ सुरिनामी डॉलर म्हणजे अठरा नव्हे, साडेनऊ अमेरिकी डॉलर झाले. मूर्तीचा खर्चसुद्धा त्यात निघेना.

घसरण सुरू झाली तेव्हाच मी अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांचा पैसा वर चढला असता तर जादा आलेले आपण परत केले असते का? मी म्हटलं, नाही. मग पडला म्हणून मागायचे नाहीत, असं ते म्हणाले. या मोसमात आपला तोटा, पुढच्या कार्तिकात नवा भाव बोलू. विषय संपला.

तो संपायला हवा होता. पण त्याच सुमारास अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कारखान्यातली धूळ डोळ्यात जायला नको म्हणून तीन आठवडे त्यांना पनवेलला मुलीकडे ठेवलं. कारखाना महेशभाऊंकडे आला. महेशभाऊ म्हणजे अण्णांचे चिरंजीव. वाईट माणूस नव्हे. हिशेबाचा माणूस. त्यांनी माझ्याकडून आकडे मागवले, वाचले, आणि म्हणाले की चाळीस माणसांची मजुरी द्यायचीय, सुरिनामच्या सरकारने माती खाल्ली तर आपण का खायची. रामदीनजींना लिहा, अठरा डॉलरप्रमाणे पूर्ण रक्कम आली तरच माल बंदरात जाईल.

मी म्हटलं, अण्णांनी नाही म्हटलंय. ते म्हणाले, "अण्णांना डोळ्यांचा त्रास आहे, आता डोक्याला नको. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. आणि इथे जे सांगायचंय ते हेच आहे की महेशभाऊंनी सांगितलं त्यापेक्षा मी एक ओळ जास्त लिहिली. रामदीनजी माझं ऐकणार नाहीत, महेशभाऊंना तर ओळखतही नाहीत, हे मला माहीत होतं. पत्राला वजन यावं म्हणून मी पहिलीच ओळ टाकली, अण्णांच्या सांगण्यावरून कळवत आहे. ती ओळ टाकायला मला कुणी सांगितलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत मी हजारो कागद लिहिले, एकही खोटा नाही, असं मी अभिमानाने सांगत असे. तो अभिमान मी त्या दुपारी घालवला, आणि तेही कुणाच्या धाकाने नाही. काम नीट करायची सवय होती, म्हणून.

दोन दिवसांनी रामदीनजींचा फोन आला. ते कधी फोन करत नसत. भांडतील म्हणून मी वाक्यं जुळवून बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "अण्णाजी ने खुद कहा?"

मी हो म्हटलं.

त्यांनी विचारलं, अण्णा बरे आहेत ना? त्यांना फोन देता का? मी म्हटलं, ऑपरेशन झालंय, इथे नाहीत. हे खरं होतं. पण त्यांचा आवाज ज्या तऱ्हेने बदलला त्यावरून मला त्याच क्षणी कळलं की त्यांनी भलतंच धरलंय. एवढा शब्दाचा माणूस शब्द मोडून पैसे मागतोय आणि दवाखान्यात आहे, म्हणजे काहीतरी जिवावरचं असणार. मोतीबिंदू हा एक शब्द बोलले असते तर सगळं सरळ झालं असतं. मी नाही बोलले. त्यांचा तो समज मला सोयीचा होता.

आठवडाभरात पूर्ण रक्कम आली.

खोकी भरताना जनीबाई माझ्याजवळ आल्या. कारखान्यात काही लपत नाही. त्यांनी विचारलं, "मीनाबाय, ईडा घेतलेला ना गो त्याचा? मंग परत कसं मागलंस?"

मी म्हटलं, अण्णांनीच सांगितलं.

"अण्णा असं नाय सांगायचं," एवढं म्हणून त्या आपल्या जागेवर गेल्या. माझ्याशी त्या नंतरही बोलल्या, हसल्या, पण त्या पैशाबद्दल बराच काळ काही विचारलं नाही.

चाळीस जणांच्या मजुरीचं म्हणाल, तर ती त्या वर्षी एरवीही दिली गेलीच असती. मुंबईचा माल चांगला गेला होता. सुरिनामचे पैसे जेवढे जादा आले, तेवढ्यात हायवेला गडबजवळ एका दुकानाच्या गाळ्याची अनामत भरली गेली. त्या कागदांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

अण्णा परत आले तेव्हा मूर्ती समुद्रात होत्या. मी त्यांना सांगितलं, रामदीनजींचे पैसे आले. किती आले ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्याच वर्षी कार्तिकात आपल्याकडे नोटबंदी झाली. मूर्तीच्या धंद्यात कार्तिक म्हणजे मोसमाची सुरुवात, कामगारांना उचल द्यायचा महिना. उचल रोखीत, पाचशे-हजाराच्या नोटांत, नुकतीच देऊन झाली होती. जनीबाईंकडे तर वर्षभराची साठवलेली पुंजी होती, मुलीच्या बाळंतपणासाठी. पेणच्या बँकेसमोर त्या चार दिवस रांगेत उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी खिडकीपर्यंत पोचल्या तर रोकड संपली. कारखान्यात येऊन माझ्या टेबलासमोर बसल्या, हातातल्या नोटा उलटसुलट करत राहिल्या आणि म्हणाल्या, "कागूद तोच हाय, आकडा बी तोच हाय. त्या तुझ्या भायेरच्या मानसाचं पन असंच झालेलं का गो?"

मी त्यांना समजावलं की तसं नाही, आपल्या नोटा बँकेत भरता येतात, त्याचे पैसे मिळतात. त्यांच्या तिकडे नोट हातातच असते आणि हातातल्या हातात बारीक होत जाते, भरायची कुठे? बोलता बोलता मीच थांबले. तोवर सुरिनामचा पैसा माझ्यासाठी रोज सकाळी बघायचा एक आकडा होता. तो आकडा हातात धरून कुणीतरी दुकानात उभं असेल हे मी जनीबाईंच्या हाताकडे बघेपर्यंत मनात आणलंच नव्हतं.

त्या कार्तिकात सुरिनामहून लिफाफा आला नाही. पुढच्या कार्तिकातही नाही. अण्णा दर वर्षी विचारायचे, रामदीनचा विडा आला का? मी सांगायचे, तिकडचा पैसा फार पडलाय अण्णा. तेही खरंच होतं. सहाचे सात, साताचे चौदा, चौदाचे एकवीस. आता समुद्रात तेल सापडलंय म्हणतात, पुढे बरे दिवस येतील म्हणतात, तरी आज पस्तिसाच्या पुढेच आहे. अण्णा म्हणायचे, आपण आपला शब्द ठेवला ना, मग येईल तो आज ना उद्या. मी मान हलवायचे. अण्णा जाऊन चार वर्षं झाली. जाण्याआधी शेवटच्या कार्तिकातही त्यांनी विचारलं होतं, आणि मी तेच उत्तर दिलं होतं. त्यांना सांगायला मला पाच वर्षं मिळाली होती. धाडस झालं नाही, याला दुसरं कारण नाही.

मी निवृत्त झाले, रोह्याला घरी बसले. कारखाना आता दरपत्रकावर चालतो आणि बरा चालतो. गेल्या फाल्गुनात एका संध्याकाळी महेशभाऊंचा फोन आला की सुरिनामहून कुणी बाई बोलतेय, तिची भाषा इथे कुणाला कळत नाही, तुमचा नंबर दिलाय.

ती शांती होती. तिकडे सकाळ होती. ती शाळेत शिकवते. आता घरूनच, फोनवर ऑर्डर घेऊन, पुन्हा मूर्ती विकायचं तिच्या मनात होतं. थोड्याच हव्या होत्या. मी दुकानाचं विचारलं. ती सहज म्हणाली की दुकान तर त्याच वर्षाच्या अखेरीस गेलं.

मग तिने सांगितलं. पेणची पद्धत रामदीनजींना इतकी आवडली होती की तिकडे आपल्या दुकानातही त्यांनी पाट मांडला होता. गिऱ्हाइकं सव्वाची नाणी ठेवायची, रामदीनजी भाव बोलायचे. माझं पत्र गेलं तेव्हा त्यांनी सगळ्या मूर्तींचे विडे घेतलेले होते, पडायच्या आधीच्या भावाने. आम्हाला दुप्पट मोजून त्यांनी त्या मूर्ती बोललेल्या भावालाच दिल्या. एकाकडूनही जास्त घेतलं नाही. आधी सामानाची गाडी विकली, मग दुकान. शांतीने तेव्हा बापाशी भांडण केलं होतं, निदान पेणला तरी नाही म्हणा. ते म्हणाले होते, अण्णाजींच्या जिवावर बेतलंय, नाहीतर तो माणूस मागणार नाही.

हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. घरातली जुनी गोष्ट सांगावी तशी सांगत होती. शेवटी म्हणाली, बाबूजी आता फार थकलेत, इथेच शेजारी बसलेत, त्यांना एवढंच विचारायचंय की तेव्हा ते पैसे वेळेवर पोचले का, अण्णाजींचं काम झालं का.

मी म्हटलं, त्यांना फोन द्या.

फोन इकडून तिकडे गेल्याचा आवाज आला. मग तोच आवाज, जास्त जाड, जास्त सावकाश. मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. अण्णा गेले ते सांगितलं. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, जिवावरचं काही नव्हतं, हे सांगितलं. अण्णांनी पैसे मागायला नाही म्हटलं होतं. त्यांच्या नावाची ती ओळ मी घातली. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हाही मी खोटं बोलले. अण्णांना शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं, ते दर कार्तिकात तुमची वाट बघत होते. मधे कुठे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मग ते म्हणाले, "तो अण्णाजी ने हमसे नहीं माँगा था।"

"नाही," मी मराठीतच म्हटलं.

"नहीं माँगा था," ते पुन्हा म्हणाले, माझ्याशी नाही, मुलीशी. तिच्याशी त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी बोलायला लागले. त्यातलं मला एवढंच कळलं की देखा, मैं कहता था ना, वह आदमी नहीं माँगेगा. ते रडत होते, आणि नऊ वर्षांनी काहीतरी हरवलेलं सापडावं तसा त्यांचा आवाज झाला होता. अण्णांचं नाव त्यांनी तीन-चारदा घेतलं.

मी फोन कानाला धरून थांबले होते. ते मला काहीतरी बोलतील, शिवी देतील, माफ केलं म्हणतील, दुकानाचं काय केलंत म्हणून विचारतील, असं वाटत होतं. माझ्याशी ते एक शब्दही बोलले नाहीत. फोन शांतीच्या हातात गेला आणि तिने विचारलं, माल वैशाखात निघेल ना.